ताईंची ऑफर: मरोळच्या एका ऑफिसातलं जोडकामाचं प्रकरण

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, हॉस्पिटलची यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका वितरकाचं ऑफिस. अकाउंट्सला तिघंच: निवृत्तीला आलेले काका, बिलिंग सांभाळणाऱ्या ताई आणि नोकरीत अजून नवाच म्हणावा असा एक मुलगा. मुलगा डोंबिवलीचा. सकाळी फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका. हातात पडणारा पगार २६,०००, आणि त्यातले ९,००० घराच्या हप्त्यात जातात. हे कुठल्या एका ऑफिसात घडलेलं प्रकरण नाही. मुंबईत सहकाऱ्यांकडून अशा ऑफर ज्या रीतीने येतात, ती रीत दिसावी म्हणून ते रचलेलं आहे. कायदे आणि जुनी प्रकरणं यांचे उल्लेख मात्र खरे.

फसवणुकीबद्दलचे बहुतेक इशारे अनोळखी माणसाबद्दलचे असतात. अनोळखी नंबर उचलू नका, अनोळखी लिंक उघडू नका. या मुलाला ऑफर आली ती ताईंकडून. त्याला टॅली शिकवलं ते ताईंनी. प्रोबेशन संपताना मालकांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला तोही ताईंनीच. त्यांच्या डब्यातली भाकरी रोज अर्धी त्याच्याकडे यायची. त्यामुळे ते सगळे इशारे इथे कुचकामी होते, आणि प्रकरण अभ्यासण्यासारखं वाटतं ते त्याचमुळे.

सुरुवात जेवणाच्या सुट्टीत झाली.

“तू संध्याकाळी घरी जाऊन करतोस काय रे?”

“काय करणार ताई, आठला पोचतो. जेवतो, झोपतो.”

“या पगारात भागतं का तुझं? खरं सांग.”

तो हसला. मग ताई म्हणाल्या, “फावल्या वेळात करण्यासारखं एक काम आहे. मी सुरू केलंय. ऑनलाइनचं आहे, ई-कॉमर्स म्हण. पण असं डबा खाता खाता सांगण्यासारखं नाही ते. रविवारी मुलुंडला ये. आमचे सर नीट समजावतील.”

“कंपनी कुठली?”

“ये तर खरं. आधी सांगितलं की डोक्यात भलतंच बसतं.”

जवळजवळ सगळं या चार वाक्यांतच आहे. आधी पगाराच्या दुखऱ्या जागेवर बोट, मग कामाला एक गोलमोल नाव, मग समजावण्यासाठी तिसराच माणूस. आणि कंपनीचं नाव गुलदस्त्यात. नाव सांगितलं तर मुलगा तिथेच मोबाइल काढून शोधणार, म्हणून ते सांगायचं नाही, असं ताईंना शिकवलेलंच होतं. अशा मंडळींच्या शिकवणीतला पहिला धडाच तो: बोलवायचं, सांगायचं नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखालचे थेट विक्रीचे, म्हणजे दुकानाशिवाय माणसामाणसांतून होणाऱ्या विक्रीचे, नियम डिसेंबर २०२१ मध्ये आले. त्यांच्यात नेमकं उलट लिहिलंय. थेट विक्री करणाऱ्याने बोलणं सुरू करतानाच स्वतःची ओळख, कंपनीचं नाव, पत्ता, मालाचं स्वरूप आणि आपण कशासाठी आलोय हे स्पष्ट सांगायला हवं. म्हणजे “ये तर खरं” म्हणताक्षणीच नियम मोडलेला असतो, पुढचा प्लॅन कितीही सोन्यासारखा असो.

मुलगा रविवारी गेला. ताईंना नाही म्हणणं त्याला जमलं नाही, आणि थोडी आशाही होतीच. आपल्याला वरच्या कमाईची गरज आहे हे खोटं थोडंच होतं!

मुलुंडच्या त्या हॉलमध्ये भर मे महिन्यात टाय लावलेली पोरं दारात उभी होती. पोचल्या पोचल्या प्रत्येक जण हात मिळवून “अभिनंदन” म्हणत होता. कशाबद्दल, ते कुणी सांगितलं नाही. मग सर आले. कार्यक्रम बराच लांबला. त्यातला बहुतेक वेळ नोकरी माणसाला कशी गुलाम करते, बापाने आयुष्यभर लोकल धरून काय मिळवलं, आणि स्टेजवरचा अमुक पूर्वी रिक्षा चालवायचा नि आता कशी गाडी चालवतो, यात गेला. माल अगदी शेवटी दिसला: प्रोटीन पावडरचे डबे, एक सूटचं कापड आणि ‘व्यक्तिमत्त्व विकासाचा’ ऑनलाइन कोर्स. सगळ्याचं मिळून पॅकेज १८,५०० रुपयांचं. ते घेतलं की आयडी लागते, म्हणजे साखळीत सभासद म्हणून नोंद होते. आयडीखाली डावी आणि उजवी अशा दोन लेग, म्हणजे फांद्या. दोन्हींकडे एकेक माणूस आला की पेअर, आणि पेअरमागे १,५०० रुपये. आपण लावलेल्यांनी जी माणसं लावली तीही आपल्याच पेअरमध्ये मोजायची.

प्रश्न विचारायला वेळ ठेवला नव्हता. त्याऐवजी प्रत्येकाच्या हातात कागद आला: ओळखीच्या पन्नास जणांची नावं लिही. चुलतभाऊ, शाळेतले मित्र, सोसायटीतले, ऑफिसातले. विचार करू नकोस, नुसती नावं लिही.

“ताई, आत्ता पैसे नाहीत. पगाराला वेळ आहे.”

“क्रेडिट कार्ड आहे ना? नाहीतर आईची एखादी बांगडी ठेव. तीन महिन्यांत सोडवशील. मी पण तसंच केलं. पैसे माझ्या नंबरवर टाक, मी आजच आयडी लावते. आज लागली तर तू या आठवड्याच्या क्लोजिंगमध्ये, हिशेबात, येशील.”

त्याने नावं लिहिली नाहीत. पोटात दुखतंय असं सांगून तो निघाला. डोंबिवलीला पोचेपर्यंत मात्र १८,५०० आणि १,५०० हे दोन आकडे डोक्यातून जाईनात. त्याचं कामच आकड्यांचं. रात्री त्याने एक्सेल उघडलं.

घातलेले १८,५०० परत यायला १३ पेअर लागतात. बाराला १८,००० होतात, तेराला १९,५००. १३ पेअर म्हणजे खाली किमान २६ माणसं, तीही दोन्ही बाजूंना सारखी. सरांनी पडद्यावर दाखवलेलं झाड तर अगदी नीटनेटकं होतं: एकाखाली दोन, दोनांखाली चार, चारांखाली आठ. तेच झाड त्याने खरं धरलं. कुणीही आळशी नाही, कुणाचीही लेग लंगडी नाही. आपल्याखाली तीन पायऱ्या पूर्ण भरल्या तर माणसं होतात १४. चार पायऱ्या भरल्या तर ३०. म्हणजे चौथी पायरी भरत आल्याशिवाय कुणाचेही पैसे सुटत नाहीत. मग झाडाच्या तळाच्या चार पायऱ्यांवरचे सगळेच तोट्यात. आणि दुपटीने वाढणाऱ्या झाडात तळाच्या चार पायऱ्यांवर किती माणसं असतात? सोळातली पंधरा.

त्याने झाड दहा पायऱ्यांचं करून पाहिलं, मग वीस पायऱ्यांचं. प्रमाण हलेना. झाड कितीही वाढो, सोळातले पंधरा नुकसानीतच. “लवकर आलास तर फायद्यात” हे ताईंचं वाक्य त्याअर्थी खरंही होतं. पण वरच्या एकाला जे मिळतं ते खालच्या पंधरांच्या खिशातून येतं, आणि हे सगळं सर्वांनी मन लावून काम केलं तरच. प्रत्यक्षात लेग लंगड्या असतात आणि आकडा आणखी वाईट होतो.

माझ्या मते तपासाची खरी जागा हीच. माल चांगला की वाईट, सर गोड बोलतात की नाही, गाडी भाड्याची की स्वतःची, यात शिरलं की माणूस वादात हरतो. एकच विचारावं: या साखळीत नसलेला, आयडी न लावलेला माणूस हा माल याच किमतीला दुकानातून घेईल का? घेत असेल, तर निदान धंदा आहे. घेत नसेल, तर आत येणाऱ्याची भरतीच विकली जातेय. याच व्यवहाराला कायद्याने पैसे फिरवण्याची योजना (मनी सर्क्युलेशन स्कीम) म्हटलंय, आणि अशा योजनांवर बंदी घालणाऱ्या १९७८ च्या कायद्याने ती बेकायदा ठरवली आहे.

सोमवारी त्याने काकांना गाठलं. काकांनी एक्सेल पाहिलंच नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “बिल मिळतं का त्यांचं?” ताईंनी उत्साहाने दाखवायला आणलेलं बिल त्याच्याकडे होतं. काकांनी ते टेबलावर सपाट केलं. पडद्यावर झळकलेलं कंपनीचं नाव एक. बिलावर छापलेली फर्म दुसरीच. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर कायदेशीर नाव आलं तिसऱ्याच माणसाचं, आणि नोंदणी जेमतेम काही महिन्यांची. आणि पैसे टाकायचे कुठे? ताईंच्या स्वतःच्या यूपीआयवर.

“आपल्याकडे एखाद्या पार्टीचं असं बिल आलं असतं,” काका म्हणाले, “पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, एका नावाची, बिल दुसऱ्या नावाचं, खातं तिसऱ्याचं. तर ते पास कुणी केलं असतं?”

कुणीच नाही. ताईंनीच ते अडवलं असतं. बिलिंगमध्ये त्यांचा दराराच तसा होता. एका स्पेलिंगवरून त्या बिलं परत पाठवायच्या. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे. कागद वाचता न येणारी माणसं अडकतात असं आपण धरून चालतो. ताईंना कागद फार चांगला वाचता येत होता. ऑफिसच्या पैशासाठी वापरलेली नजर त्यांनी स्वतःच्या पैशासाठी वापरली नाही, इतकंच. मुलीचं कॉलेज, नवऱ्याची सुटलेली नोकरी, आणि समोर हात मिळवून ‘अभिनंदन’ म्हणणारी माणसं, एवढं त्याला पुरेसं होतं.

काकांना जुनी प्रकरणं आठवत होती. ‘स्पीक एशिया’च्या वेळी त्यांच्या आधीच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी ११,००० रुपये भरले होते, घरबसल्या सर्वे भरा आणि पैसे कमवा, अशी ती योजना. २०११ मध्ये ती कोसळली आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तपास गेला. अगदी अलीकडचं म्हणजे दादरचं टॉरेस हे दागिन्यांचं दुकान. खडे घ्या, आठवड्याला परतावा घ्या. जानेवारी २०२५ मध्ये पैसे थांबले आणि दुकानाबाहेर लोकांची झुंबड उडाली. काकांचं म्हणणं असं की दर वेळी माल बदलतो, सर्वे, खडे, पावडर, पण आत नेणारं माणूस ओळखीचंच असतं. जाहिरात बघून जाणारा चार ठिकाणी विचारतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाबरोबर जाणारा विचारत नाही.

मग ताई का लागल्या होत्या याच्या मागे? हळूहळू कळलं ते असं. ताईंनी एक नव्हे, तीन आयडी लावल्या होत्या. स्वतःची, नवऱ्याची, मुलीची. ५५,५०० रुपये, त्यातले बरेचसे सोनं गहाण टाकून. डावी लेग भरली होती: हाउसकीपिंगच्या मावशी, गेटवरचा सिक्युरिटी, डिस्पॅचमधली दोन पोरं. उजवी रिकामी. पेअर होत नव्हती म्हणून पेआउट थांबला होता. मुलगा त्यांना उजवीकडे हवा होता. तेव्हा ताईंनी त्याला फसवायचं ठरवलं होतं असं मी म्हणणार नाही. त्या बुडत होत्या आणि हाताला येईल ते धरत होत्या. पण कायदा इथे सहानुभूतीवर थांबत नाही. १९७८ च्या कायद्याचं कलम ३ फक्त योजना चालवणाऱ्याला धरत नाही. सभासद होणं, सहभागी होणं, त्यासाठी पैसे स्वीकारणं किंवा पुढे पाठवणं, हे सगळं त्यात येतं, आणि कलम ४ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. “पैसे माझ्या नंबरवर टाक” हे वाक्य ताईंनी सहज म्हटलं होतं. वकिलाने ऐकलं असतं तर त्याच वाक्याशी थांबला असता.

नाही कसं म्हणायचं, हा पुढचा प्रश्न. इथे बहुतेक जण कारण देतात आणि तिथेच गुंततात. पैसे नाहीत म्हटलं की बांगडी. वेळ नाही म्हटलं की “तुझ्यासारख्यांसाठीच तर आहे”. घरी विचारतो म्हटलं की “स्वतःचे निर्णय कधी घेणार?” प्रत्येक सबबीला घोटून घेतलेलं उत्तर असतं, रविवारनंतरच्या बैठकांत त्याचीच तालीम होते. म्हणून काकांनी त्याला कारण देऊ दिलं नाही. एक्सेलही दाखवू दिलं नाही, आणि ते बरोबरच केलं. तोट्यात बसलेल्या माणसाला त्याचा तोटा सिद्ध करून दाखवला की तो तुमच्यावरच चिडतो. मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, म्हणजे नोंदही राहिली: “ताई, मी यात येणार नाही. पक्कं ठरवलंय, त्यामुळे सरांना फोन करायला सांगू नका. बाकी आपलं काम आहे तसंच.”

काम आहे तसं राहिलं नाही. भाकरी बंद झाली, ते ठीक. पण त्याची व्हाउचर ताईंच्या टेबलावर अडकू लागली. क्रेडिट नोटवर सही घ्यायला गेला की “ठेव तिथे”. वरिष्ठाकडून आलेल्या ऑफरचा हाच धोका असतो. नाही म्हणण्याची किंमत मूळ नोकरीत चुकवावी लागते. सुरुवातीलाच एचआरकडे जायला हवं होतं का? नुसतं रविवारी बोलावलं एवढ्यावर मी गेलो नसतो. पण ऑफिसच्या वेळेत, हाताखालच्या माणसांकडून, स्वतःच्या खात्यात पैसे घेतले जातायत म्हटल्यावर ती दोन सहकाऱ्यांमधली खासगी गोष्ट उरत नाही. मावशींचा पगार या मुलाच्या निम्मा होता. मुलगा एचआरकडे गेला नाही. काकाच मालकांशी बोलले, आणि ताईंचं नाव न घेता नोटीस लागली की ऑफिसच्या आवारात कसल्याही योजनेची भरती किंवा वर्गणी चालणार नाही.

प्रकरण इथे संपलं असतं. पण काही आठवड्यांनी मुलाला सरांचाच फोन आला. सूर बदलला होता. जॉइन नको होऊस, म्हणाले, फक्त खातं वापरू दे. कंपनीचे पेआउट बँकेच्या लिमिटमुळे अडकलेत. तुझ्या खात्यात येतील, आम्ही सांगू त्या नंबरांवर तू पाठव. शेकडा दोन तुझे. आयडी नको, पैसे नकोत, काही नको.

ही ऑफर पहिलीपेक्षा गोड वाटते, कारण खिशातून काहीच जात नाही. आणि पहिलीपेक्षा जास्त घातक तीच. कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे असे चार-सहा खात्यांतून फिरवले जातात, म्हणजे माग लागू नये. फसलेल्या माणसाने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले ती साखळी उलगडू लागते आणि वाटेतल्या खात्यांवर होल्ड लागतो, पैसे काढता येत नाहीत. खातं पगाराचं असलं तरी. तुम्हाला माहीत नव्हतं हे नंतर, लेखी, पोलिसांना पटवून द्यावं लागतं. दोन टक्के कशाचे, याला उत्तर काय देणार?

त्याने फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. मग बऱ्याच दिवसांनी तो स्वतःहून ताईंच्या टेबलाशी गेला. “ताई, तुमचं खातं दिलंत का त्यांना?”

ताईंनी मान वर केली नाही. दिलं होतं. पेआउट सुटावा म्हणून.

पुढच्या महिन्यात त्यांचा पगार जमा झाला आणि काढता येईना. बँकेत गेल्यावर कळलं की एका परराज्यातल्या तक्रारीवरून खात्यावर होल्ड आहे. सरांचा फोन बंद. मुलुंडचा हॉल तर रविवारपुरताच भाड्याने घेतलेला, त्यामुळे तिथे विचारायला कुणी नव्हतंच.

त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तिघं अकाउंट्समध्ये बसले. काकांनी सांगितलं तसं ताईंनी यूपीआयचा सगळा उतारा काढला. कोण, कधी, किती, पुढे कुणाला. बिलं, सरांचे मेसेज, हॉलमधल्या पन्नास नावांच्या कागदाचा फोटो, सगळं तारखेप्रमाणे लावलं. मुलाने अर्ज टाइप केला. त्यात एक ओळ होती: माझ्या ऑफिसातल्या चौघांकडून मी माझ्या खात्यावर प्रत्येकी १८,५०० रुपये घेतले आणि पुढे पाठवले. ताई म्हणाल्या, ही काढ. माझ्यावरच येईल.

काका म्हणाले, उताऱ्यात ते चार आकडे दिसतायतच. अर्जात नसले तर लपवलं असं होईल, असले तर सांगितलं असं होईल. पण सही करण्याआधी वकिलाला दाखवा. वकिलांनीही ओळ ठेवायला सांगितली, फक्त “पाठवले” नंतर “व त्यातील कोणतीही रक्कम स्वतःसाठी ठेवली नाही” एवढं जोडलं, आणि ते खरं आहे ना हे उतारा पुढ्यात घेऊन स्वतः तपासलं.

अर्ज पोलिस ठाण्यात दिला, पोच घेतली, त्याची प्रत बँकेला दिली. डिस्पॅचच्या दोघांनी आणि सिक्युरिटीने स्वतंत्र तक्रारी केल्या. खात्यावरचा होल्ड अजून पूर्ण उठलेला नाही. मालकांनी ताईंचा पगार तूर्त दुसऱ्या बँकेत सुरू केलाय. मावशींना पोलिसात जायचं नव्हतं. त्यांचे पैसे ताई पगारातून महिन्याला २,००० प्रमाणे परत करतायत, आणि त्याचं व्हाउचर दर महिन्याला मुलगाच बनवतो, मावशींच्या सहीसकट.